दंड नसलेल्या कामांना तारीख कोण देणार?

प्रश्न थोडक्यात : ४२ वर्षांच्या एक वाचक पुण्यात चार्टर्ड अकाउंटंट आहेत. नारायण पेठेत स्वतःचं छोटं ऑफिस, हाताखाली दोन आर्टिकल (शिकाऊ सीए) आणि एक अकाउंटंट. घर कोथरूडला. नवरा हिंजवडीला नोकरी करतो, मुलगी यंदा दहावीत आहे आणि वडील साताऱ्याला एकटे राहतात. दिवाळीनंतर त्यांनी एक तयार कॅलेंडर टेम्प्लेट विकत घेतलं. आठवड्याचे सात रकाने, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास. काम निळ्या रंगात, कुटुंब हिरव्या, स्वतःसाठीचा वेळ पिवळ्या. त्यात वडिलांना फोन, मुलीशी गप्पा, गाण्याचा रियाज, चालायला जाणं असं सगळं बसवलं. महिन्यातला एखादा आठवडा ते छान चालतं, मग कोसळतं. दर रविवारी रात्री त्या रकाने नव्यानं भरतात. त्या लिहितात, "लोकांची विवरणपत्रं वेळेवर भरणाऱ्या मला स्वतःचा आठवडा भरता येत नाही. माझ्यात शिस्त नाही, की टेम्प्लेट चुकलं? दुसरं एखादं सुचवाल का?"

उत्तर :

शिस्तीचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. दर महिन्याला ७ तारखेला टीडीएसचा (उगमस्थानी कापलेल्या कराचा) भरणा, ११ ला आर-वन (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी विमा), २० ला थ्री-बी (जीएसटीचं कर भरण्याचं विवरणपत्र), असं वर्षानुवर्षं न चुकता सांभाळणाऱ्या माणसाला बेशिस्त म्हणता येणार नाही. त्यामुळे दोष तुमच्यात शोधणं थांबवा. पण टेम्प्लेट बदलून प्रश्न सुटेल असंही मला वाटत नाही. तुम्ही ज्या गोष्टी गृहीत धरून ते भरता आहात, त्या नव्या टेम्प्लेटमध्येही तशाच येतील.

पहिलं गृहीत असं की तुमचं आयुष्य आठवड्यानं चालतं. बाजारात मिळणारी बहुतेक टेम्प्लेट आठवड्याची असतात, कारण ती सोमवार ते शुक्रवार जवळपास सारखाच दिवस जगणाऱ्या माणसासाठी बनवलेली असतात. तुमचं काम वारानं चालत नाही, तारखेनं चालतं. एका महिन्यात ११ तारीख सोमवारी येते, पुढच्या महिन्यात बुधवारी किंवा गुरुवारी. गुरुवार संध्याकाळ रियाजाला दिली असली तरी त्या दिवशी ११ तारीख आली, तर तो पिवळा चौकोन जाणारच. तुम्ही लिहिलं आहे की महिन्यातला एखादा आठवडा छान जातो. तो कोणता, हे मागच्या तीन-चार महिन्यांत मागे जाऊन बघा. माझा अंदाज आहे की तो २१ तारखेनंतरचा असणार.

तुमचं टेम्प्लेट महिन्याचं हवं. १ ते ७ मध्यम कामाचे दिवस, ८ ते ११ घाईचे. १२ आणि १३ ला जरा उसंत. १४ तारखेला टू-बी (खरेदीवर किती कर वजा मिळेल ते दाखवणारं जीएसटीचं पत्रक) तयार होतं, आणि खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवल्याशिवाय थ्री-बीला हात घालता येत नाही. म्हणजे १४ ते २० हा आठवडा कायद्यानंच तुमच्याकडून घेतलेला आहे. त्या आठवड्यात हिरवे-पिवळे चौकोन आखून ठेवणं म्हणजे स्वतःसाठी निराशा आखून ठेवणं. २१ ते महिनाअखेर बऱ्याच महिन्यांत मोकळं मिळतं. ज्या महिन्यांत टीडीएसची तिमाही विवरणपत्रं असतात ते महिने वेगळे : ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. जुलै आणि सप्टेंबर तर प्राप्तिकर विवरणपत्रांचा आणि ऑडिटचा पूर्ण सीझनच.

हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण ही माहिती तुमच्या डोक्यात आहे आणि विकत घेतलेल्या रकान्यांत नाही, म्हणून रविवारी रात्री भरताना प्रत्येक आठवडा मोकळाच दिसतो.

माझी सूचना अशी : एका टेम्प्लेटऐवजी तीन करा. एक हलक्या आठवड्याचं, एक भरलेल्या आठवड्याचं, एक सीझनचं. गूगल कॅलेंडर वापरत असाल तर त्यात एकाच खात्याखाली वेगवेगळी कॅलेंडरं काढता येतात आणि हवं ते दाखवता किंवा लपवता येतं. प्रत्येक टेम्प्लेटला एक कॅलेंडर द्या. १४ तारीख आली की हलकं लपवायचं, भरलेलं उघडायचं. काही पुसायचं नाही, काही नव्यानं भरायचं नाही. चौथं कॅलेंडर फक्त तारखांचं ठेवा. त्यात ७, ११, १५, २० या नोंदी 'दर महिन्याला याच तारखेला' अशा आणि पूर्ण दिवसाच्या करा, म्हणजे त्या तासांच्या रकान्यात न बसता वर पट्टीसारख्या दिसत राहतील. कागदावर काम करायला आवडत असेल तर तीन कागद छापून भिंतीवर लावा. फरक काही पडत नाही.

भरलेल्या आठवड्याच्या कागदावर काय असावं? जवळजवळ काहीच नसावं. झोपेची वेळ, जेवण, चालणं वीस मिनिटं आणि वडिलांना रात्री छोटा फोन. एवढं पाळलंत तर तो आठवडा यशस्वी समजा. आत्ता तुम्ही त्या आठवड्याला हलक्या आठवड्याच्या मापानं मोजता, आणि तो कमी भरला की शिस्त नसल्याचा निष्कर्ष काढता.

दुसरं गृहीत मला अधिक महत्त्वाचं वाटतं. तुमच्या कॅलेंडरमध्ये जी कामं टिकतात त्या प्रत्येकाला दंड आहे. थ्री-बी उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये, टीडीएसचं विवरणपत्र उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये, भरणा चुकला तर महिन्याला दीड टक्का व्याज. वडिलांकडे न जाण्याला दंड नाही. रियाज बुडाल्याची नोटीस येत नाही. तुम्ही दोन्हींना सारख्याच आकाराचे चौकोन दिले, फक्त रंग वेगळे दिले. पण दंड असलेलं काम आणि दंड नसलेलं काम समोरासमोर आलं की कोण हटणार हे रंगावर ठरत नाही. हे दोन याद्यांमधलं भांडण तुमच्याच नाही, बहुतेक कमावत्या माणसांच्या घरात चालू असतं, आणि दंड नसलेली यादी मुकाट्यानं मागे सरत राहते. या यादीला तुम्ही 'उरलेला वेळ' दिला आहे, तो नेमका किती उरेल याची तारीख मात्र सरकार ठरवतं.

मग काय करायचं? स्वतःवर दंड बसवण्याच्या युक्त्या लोक सुचवतात; मला त्या आवडत नाहीत. वडिलांना भेटायला जाण्याचं कारण दंड चुकवणं हे असू नये. त्याऐवजी प्रत्येक गोष्टीत वाट बघणारं कुणीतरी असू द्या. साताऱ्याला जाण्याची तारीख मनात न ठेवता वडिलांना सांगून टाका, आणि स्वारगेटहून सकाळच्या गाडीचं आरक्षणही तेव्हाच करा. गाणं एकटीनं करण्याऐवजी गुरूंकडे जाण्याची वेळ ठरवा किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर बसा. कुणी वाट बघत असलं की आपण जातो. एवढा माणुसकीचा भाग पुरेसा असतो.

तिसरी गोष्ट आकाराची. तुम्ही प्रत्येक प्रिय गोष्टीला आठवड्याला एक-दोन तास दिले आहेत. हे न्याय्य दिसतं, पण प्रत्येक गोष्टीला लागणारा वेळ वेगळ्या आकाराचा असतो. वडिलांना दर मंगळवारी साडेआठ ते नऊ अशा फोनपेक्षा महिन्यातून दोन सलग दिवस तुमची सोबत हवी असेल. औषधं बघायला, बँकेचं काम उरकायला आणि काही न करता घरात असायला. ते दिवस २१ नंतरचेच असणार, आणि वर्षभराचे एकदम ठरवता येतात. रियाज उलट आहे. तो रविवारी सलग दोन तास केला तर गळा तयार होत नाही, रोज पंचवीस मिनिटं केला तर होतो. तो रोजचाच हवा, भले भरलेल्या आठवड्यात दहा मिनिटांवर येवो.

आणि मुलगी. 'सोमवार, बुधवार, सात ते आठ, मुलीशी गप्पा' असं तुम्ही लिहिलं आहे, आणि ती त्या वेळी बोलत नाही अशी तक्रारही केली आहे. पंधरा वर्षांची मुलगी आपल्या सोयीच्या वेळी बोलत नाही. ती साडेदहाला पाणी प्यायला स्वयंपाकघरात येते आणि अचानक काहीतरी सांगते. त्यामुळे तिच्यासाठी गप्पांचा चौकोन आखू नका. 'लॅपटॉप बंद' असा चौकोन आखा आणि त्या वेळी घरात तिच्या आसपास राहा. तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे आणि तुमचा १५ मार्चचा अग्रिम कराचा शेवटचा हप्ता आणि ३१ मार्च त्यातच येतात. हे आत्ताच वार्षिक पानावर लिहा, आणि मार्चमधलं काय काय जानेवारीतच क्लायंटकडून मागवता येईल ते बघा. तिच्या पेपरांच्या दिवशी सकाळी तुम्ही घरी असाल एवढंच साधलं तरी खूप आहे.

आता अंदाजांबद्दल. आपल्याला किती वेळ लागेल हे माणसाला नीट सांगता येत नाही. यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पुरा होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांच्या आसपास होता आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. सगळं बिनसलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं. तो अंदाजसुद्धा कमीच पडला. त्यांची चूक अशी की त्यांनी पुढे बघून अंदाज बांधला. तुम्ही कुणाचंही अंदाजपत्रक मागच्या वर्षीचे आकडे समोर घेतल्याशिवाय बनवणार नाही; वेळेचंही तसंच करा. एक महिना काही न बदलता नुसतं टिपून ठेवा : एका क्लायंटचं टू-बी जुळवायला खरोखर किती वेळ गेला, फोनवर किती, नारायण पेठेतून कोथरूडला पोचायला संध्याकाळी किती. प्रवासालाही चौकोन द्या. सहाला ऑफिस संपतं आणि सहालाच 'घर' सुरू होतं असं तुमच्या कागदावर आहे. मधला कर्वे रस्ता कागदावर कुठेच नाही.

हे टिपून झालं की कदाचित एक अवघड गोष्ट समोर येईल. १४ ते २० मध्ये लागणारे तास बेरजेत बसतच नाहीत, असं दिसेल. तसं झालं तर कॅलेंडर तुम्हाला मदत करू शकणार नाही आणि ते करत नाही म्हणून दुसरं शोधूही नका. तो प्रश्न क्लायंटच्या संख्येचा, फीचा, किंवा आणखी एक माणूस ठेवण्याचा आहे. तुम्ही लिहिता की जुन्या लोकांना नाही म्हणता येत नाही. मला ते समजतं. पेठेतली नाती पिढ्यांची असतात. पण नाही म्हणणं आणि तारीख देणं यात अंतर आहे. आत्ता क्लायंट तुम्हाला १८ तारखेला पिशवीभर बिलं आणून देतात, कारण त्यांच्या लेखी शेवटची तारीख २० आहे. तुमची स्वतःची तारीख त्यांना कुणी सांगितलेली नाही. विक्रीची बिलं ५ पर्यंत, खरेदीची १० पर्यंत, असं पुढच्या महिन्यापासून कळवा. नोंदी १३ पर्यंत झाल्या तर टू-बी आल्यावर फक्त जुळवणी उरेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मजकूर पुरे : "नमस्कार. पुढच्या महिन्यापासून विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत आणि खरेदीची १० तारखेपर्यंत मिळावीत. त्यानंतर आलेली बिलं पुढच्या महिन्यात घेतली जातील किंवा जादा शुल्क लागेल." विक्रीच्या बाबतीत पुढच्या महिन्यावर ढकलणं नेहमी शक्य नसतं हे तुम्ही जाणताच, तिथे शुल्काचा पर्याय वापरा. दोन-तीन जण नाराज होतील. बहुतेक जण दोन महिन्यांत सवय लावून घेतात, कारण त्यांनाही शेवटच्या दिवशीची धावपळ आवडत नसते.

घरातलंही एक विचारते, राग मानू नका. तुमच्या हिरव्या चौकोनांत मुलीचा क्लास, गॅस, सोसायटीची मीटिंग, मालमत्ता कर, सगळं आहे. नवऱ्याचं नाव पत्रात एकदाच येतं, तेही नोकरीच्या संदर्भात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. तुमच्या घरात कदाचित असं नसेल. पण ही कामं फक्त तुमच्याच कॅलेंडरमध्ये असतील तर ती आठवण्याचं कामही तुमच्याकडेच राहतं, आणि ते काम कुठल्याच चौकोनात दिसत नाही. एक कॅलेंडर दोघांत सामायिक करा आणि काही नोंदी पूर्णपणे त्यांच्या नावावर टाका. 'मदत करशील का' असं न विचारता 'हे तुझ्याकडे' असं सांगा. ते विसरले तर आठवण करून देऊ नका. सोसायटीची एखादी मीटिंग बुडाली तरी चालतं.

अजून एक. बाहेर बनलेल्या टेम्प्लेटमध्ये तिथी नसते, आणि पुण्यात तिथीशिवाय नियोजन करणं कठीण. गणपतीच्या दहा दिवसांत नारायण पेठेत गाडी नेणं किती अवघड होतं हे तुम्ही दरवर्षी बघता. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे गणपती १९ सप्टेंबरला आले आणि अनंत चतुर्दशी २८ ला. ऑडिट रिपोर्टची ३० तारीख तिच्या दोनच दिवस पुढे होती. अधिक महिना गणपतीच्या आधी आला की असं होतं, आणि ते आदल्या वर्षीच कळतं. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस, दिवाळी, घरचे कुळाचार हेही तसंच. म्हणून वर्षाचं पान बनवताना भिंतीवरचं कालनिर्णय शेजारी घ्या आणि आधी या तारखा उतरवून काढा. गणपतीत आर्टिकलना घरून काम द्यायचं का, हे जुलैत ठरवलं तर ऑगस्टमध्ये चिडचिड होणार नाही. मुदती वाढतात हेही लक्षात ठेवा. २०२५ मध्ये प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलैची तारीख सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेली. मुदत वाढली की मिळालेले दिवस कामानं आपोआप भरतात. त्यातले निदान दोन दिवस लगेच स्वतःच्या नावावर करा.

टेम्प्लेट सोडूनच दिलं तर, असंही तुम्ही विचारलं आहे. काही लोकांना ते जमतं. तुम्हाला मी ते सुचवणार नाही, कारण कागदावर काहीच नसेल तर दंडाच्या तारखा तेवढ्या उरतील आणि त्या सगळा महिना खातील.

तुमच्यासारखी इतरही पत्रं येतात. रुग्णालयात पाळीनं काम करणाऱ्या परिचारिकांना हाच उपाय लागू पडतो : सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी अशी तीन टेम्प्लेट ठेवावीत आणि रात्रपाळीनंतरचा दिवस सुट्टीचा न धरता झोपेचा धरावा. अमेरिकेशी कॉल असणाऱ्यांनी वर्षातून दोनदा टेम्प्लेट बदलायला हवं. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो आणि हिवाळ्यात साडेआठला. जेवण एकत्र करायचं असेल तर हे घरच्यांना ऑक्टोबरमध्येच सांगा. शिक्षकांनी सत्राप्रमाणे, दुकानदारांनी लग्नसराईप्रमाणे पान आखावं. आपलं काम कशाच्या तालावर चालतं ते आधी ओळखायचं, मग रकाने.

विकत घेतलेलं टेम्प्लेट टाकू नका, हलक्या आठवड्यासाठी ते चांगलंच आहे. रंग मात्र कमी करा. ठरलेलं आणि हलवता येणारं, एवढे दोन पुरतात. या महिन्याची २० तारीख जाऊ द्या, त्याआधी काही सुरू करू नका. २१ ला किंवा २२ ला तासभर बसा, कालनिर्णय आणि ड्यू डेटची यादी घेऊन पुढच्या बारा महिन्यांचं पान काढा आणि साताऱ्याच्या फेऱ्या त्यात सगळ्यात आधी लिहा. तारखा मात्र वडिलांना फोन करून, त्यांना विचारून ठरवा. त्यांचेही डॉक्टरांचे दिवस असतील, मित्रमंडळी असतील, त्यांचाही महिना आखलेला असेल.